हिरवा डाग नसलेली फ्रेम

मित्रांनो, मला सगळे घोडी म्हणतात, पण मला ना खूर आहेत ना शेपूट. बॅडमिंटनच्या रॅकेटमध्ये तारा ओवायच्या कामाला खेळाडू गटिंग म्हणतात, आणि मी त्या गटिंगची जुनी लोखंडी घोडी. खाली जड बैठक, तिच्यावर फिरणारे ताट, ताटावर रॅकेटची फ्रेम आवळून धरणारी सहा बोटे आणि एका बाजूला लांब दांडा. दांड्यावर एक वजन मागेपुढे सरकते. तारेचे टोक चिमट्यात अडकवून दांडा सोडला की वजन आपल्या भाराने खाली येते आणि तार ताणली जाते. दांडा जमिनीला समांतर थांबला की ताण बरोबर. मला वीज लागत नाही. पृथ्वी खाली ओढते, मी तेवढीच ओढ तारेला देते. त्यामुळे माझे माप कधी चुकले नाही.

माझा जन्म भट्टीजवळ झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, आणि ते थंड झाल्यावर घणाने साचा फोडून मला बाहेर काढले. मग कानशीने माझ्या कडा घासल्या, पोटातून भोके पाडली, आणि शेवटी एका कामगाराने हातोडीने माझ्या अंगावर सगळीकडे ठोकून आवाज ऐकला. आवाज खणखणीत आला, म्हणजे आत कुठे तडा नव्हता. या माराबद्दल माझी तक्रार नाही. लोखंडाला आकार असाच येतो. माणसांनाही असाच आकार येतो, असे समजणारे लोक मला पुढे भेटले, म्हणून हे आधी सांगून ठेवले.

मला ज्या बाईने विकत घेतले तिला सगळा बॅडमिंटन हॉल मावशी म्हणायचा. हॉलच्या कोपऱ्यात तिचे अरुंद दुकान होते. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या रॅकेटा, तारांची भेंडोळी, टोचे, पकडी, आणि समोर काचेची मोठी खिडकी. खिडकीतून पहिले कोर्ट पूर्ण दिसायचे. माझी जागा खिडकीलगतच्या टेबलावर होती, त्यामुळे काम करता करता मी असंख्य सामने पाहिले.

रॅकेट हातात घेतली की हलकी आणि गरीब वाटते. ती तशी नसते. एकेक तार भरलेल्या पिशवीच्या जोराने फ्रेमला आत ओढत असते, आणि सगळ्या तारा सगळीकडून सारख्या ओढतात म्हणून फ्रेम जागच्या जागी टिकते. मी ओढायची, मावशी चिमटे लावायची, फ्रेम कुरकुरायची. बाहेर कोर्टवर फटाफट स्मॅश पडत असायचे. स्मॅश म्हणजे डोक्यावरून खाली हाणलेला फटका. आमच्या दुकानात शांतता अशी कधी नव्हतीच.

मावशी खरोखर मावशी होती ती एकाच मुलीची. तिच्या बहिणीला कापडाच्या कारखान्यात लागोपाठ पाळ्या असायच्या, म्हणून बहिणीची मुलगी शाळा सुटली की दुकानात यायची. स्टुलावर बसून गृहपाठ करायची आणि उरलेला वेळ पहिल्या कोर्टवर काढायची. पाय लांबलचक, गुडघे बाहेर आलेले, आणि शटलवर झेप घ्यायची ती थेट आडवी पडेपर्यंत. मावशीने तिचे नाव नाकतोडी ठेवले. ते इतके चिकटले की हॉलच्या फलकावरही लोक तेच लिहू लागले.

नाकतोडी मारायची, मित्रांनो. दुसरा शब्द नाही. शटल म्हणजे बुचाच्या टोपीत खोवलेली सोळा पिसे. तिच्या फटक्यानंतर त्यातली दोनचार हवेत तरंगत खाली यायची. पलीकडचा खेळाडू शटल शोधत राहायचा आणि ते त्याच्या बुटाजवळ पडलेले असायचे. तिच्या रॅकेटच्या तारा सारख्या तुटायच्या. मावशी तिला म्हणायची, की तुझ्या एकटीच्या तारा विणता विणता माझ्या घोडीची कंबर मोडेल. असे म्हणताना तिचा चेहरा लग्नघरासारखा फुललेला असायचा. नाकतोडी एकेरीत भराभर वर गेली. देशाच्या संघात जाणार, असे सगळे धरूनच चालले होते.

मग कप्तान आला. तो हॉलच्या संघाचा कप्तान होता, म्हणून ते नाव, आणि हॉलमधल्या मुलींना शिकवायचाही. उंच, देखणा, बोलण्यात साखर. मिश्र दुहेरीसाठी त्याला जोडीदार हवी होती, आणि त्याने नाकतोडीला निवडले. मिश्र दुहेरीत बहुतेक वेळा बाई पुढे जाळीजवळ उभी राहते आणि पुरुष मागून स्मॅश मारतो. कप्तानने पहिल्याच दिवशी सांगून टाकले की मारणे त्याचे काम, तिने जाळी सांभाळायची. ती कबूल झाली. जोडी जिंकू लागली. पण तेव्हापासून तिची पाठ कायम त्याच्याकडे असायची. तो मागे काय करतोय हे तिला दिसायचे नाही, फक्त ऐकू यायचे.

कप्तान हरला की रॅकेट मोडायचा. जमिनीवर अशी आपटायचा की दांडी मानेपाशी तुटून लोंबायची. प्रेक्षक टाळ्या पिटायचे. वर्तमानपत्रात फोटो आला तोही रॅकेट आपटतानाचाच. लोक त्याला जोश म्हणायचे. मोडलेल्या रॅकेटा माझ्याकडे यायच्या, कारण त्यांच्या तारा कापून मूठ सोडवून घ्यायची असायची. काही काळाने मावशीला आणि मलाही त्या वाचता येऊ लागल्या. आमच्या कोर्टवर हिरवी रबरी मॅट होती. जमिनीवर आपटलेल्या फ्रेमच्या माथ्यावर हिरवा डाग घासून यायचा. जाळीच्या खांबावर मारलेल्या फ्रेमला खोक पडायची आणि तिच्यात पांढरा रंग बसायचा. दुहेरीत दोन रॅकेटा एकमेकींवर आदळल्या तर कडेचा टवका उडायचा. प्रत्येक मोडण्याची आपली खूण होती.

मावशी त्याची थट्टा करायची. "कप्तान, जमिनीनं काय घोडं मारलंय रे तुझं?" असे विचारायची. तोही हसायचा. मीही त्या हसण्यात असायचे, म्हणजे माझा दांडा हलायचा.

एकदा नाकतोडीकडून जाळीवरचे सोपे शटल सुटले आणि कप्तानने मागून तिच्या पोटरीवर रॅकेटची कड मारली. फार जोरात नव्हे. हॉलमध्ये हशा पिकला. तीही हसली, पण पुढचा सगळा गेम ती एक पाय किंचित उचलून उभी होती. त्यानंतर असे अधूनमधून होऊ लागले. शटल सुटले की पोटरीवर कड, आणि मग हशा. कोणी म्हणाले, नवराबायकोच शोभतात. वर्ष उलटले आणि ते खरोखर नवराबायको झाले.

लग्नानंतर नाकतोडी दुकानात कमी यायची. आली की घाईत असायची. हॉल तापलेला असतानाही तिच्या अंगात लांब बाह्यांचा निळा लोकरी स्वेटर असायचा. मावशीने विचारले तर म्हणायची, थंडी वाजते. मावशीला आणखी एक गोष्ट खटकत होती, जी बाहेरच्या कोणाला दिसली नसती. नाकतोडीच्या रॅकेटच्या तारा तुटायच्या बंद झाल्या होत्या. जो मारतो त्याच्या तारा तुटतात. तिच्या तारा जुन्या होऊन पिवळ्या पडल्या होत्या, पण अखंड होत्या.

एके दिवशी सकाळी कप्तान एकटाच आला. त्याच्या हातात नाकतोडीची रॅकेट होती, फ्रेम एका बाजूला फाटून आत दुमडलेली. त्याने ती टेबलावर ठेवली आणि मोठ्या ऐटीत सांगितले, की फ्रेमच कच्ची निघाली आहे, कंपनीकडे परत पाठवा, बदलून मिळेल. "बघा ना, कुठे आपटल्याची खूण आहे का? हिरवा डाग आहे का कुठे?" असे म्हणून त्याने फ्रेम स्वतःच फिरवून दाखवली.

खरेच, हिरवा डाग नव्हता. पांढरा रंगही नव्हता. त्याला वाटले, डाग नाही म्हणजे पुरावा नाही. पण ज्या बाईने त्याच्या डझनभर रॅकेटा हाताळल्या होत्या तिच्यापुढे तो डाग नसलेली फ्रेम घेऊन उभा होता, हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

मावशीने फ्रेम माझ्या सहा बोटांत बसवली आणि भिंग घेतले. कार्बनचे चिरलेले तंतू कुसळांसारखे उभे होते. त्या कुसळांत निळ्या लोकरीचा एक धागा गुंतला होता. फ्रेम जमिनीवर आपटली नव्हती, खांबावरही नाही. ती मऊ कापडावर आदळली होती, आणि कापडाखाली काहीतरी टणक होते.

मावशीने भिंग खाली ठेवले. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला. "ठेवून जा. बघते मी."

तो शीळ घालत गेला. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मावशी हलली नाही. मग तिने चपला घातल्या आणि दुकान उघडे टाकून ती त्याच्या घराकडे धावत सुटली.

पुढचे मी पाहिले नाही, मावशीच्या तोंडून नंतर पुष्कळदा ऐकले. नाकतोडी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. डावा हात ओढणीने गळ्यात बांधलेला, बोटे सुजून काळीनिळी झालेली. जिन्यावरून पडले, म्हणाली. मावशीने वाद घातला नाही. तिला तशीच उठवून हाडांच्या डॉक्टरबाईंकडे नेले. तिथेही तिने जिनाच सांगितला.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे प्रकाशापुढे धरला. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. त्यातले करंगळीच्या बाजूचे हाड मधोमध तुटले होते, दुसरे शाबूत होते. बाई म्हणाल्या, "पडताना माणूस तळहात टेकतो. मग मनगट मोडतं. हे हाड असं मधोमध मोडतं ते वार अडवायला हात वर केला तरच."

नाकतोडीने सुजलेली बोटे ओढणीत ओढून घेतली.

"तुम्ही खेळता ना? कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"घाबरलेला माणूस चालता हातच आधी वर करतो. तुमचा डावा कसा काय गेला?"

नाकतोडी खाली बघत म्हणाली, "उजवा मी पाठीमागे लपवला."

"का?"

"मला खेळायचं होतं."

आणि हे शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकून ती रडायला लागली. डोक्यावर रॅकेट उगारलेली असताना, एका क्षणात, तिच्या अंगाने ठरवले होते की कुठला हात मोडू द्यायचा. तिला मात्र ते आत्ता कळले.

हाडात धातूची पट्टी आणि स्क्रू घातले. नाकतोडी दुकानामागच्या मावशीच्या खोलीत राहायला आली. पण तिचे मन अजून अर्धे तिकडेच होते. प्लास्टर निघेपर्यंत इथे राहते, म्हणाली. देशाच्या संघाच्या निवड चाचणीला त्याच्याबरोबरच मिश्र दुहेरी खेळेन, जोडी मोडायला नको, फक्त घर वेगळे. मावशी ऐकून घेत होती. तेव्हा माझ्या ताटावर कोणाचीतरी एक तार तुटलेली रॅकेट होती. मावशीने कापायची पकड नाकतोडीच्या उजव्या हातात दिली.

"एक तुटलीये ना? बाकीच्या तशाच ठेवल्या तर काय होतं सांग."

नाकतोडी लहानपणापासून हे पाहत आली होती. एक तार गेली की समतोल जातो, आणि राहिलेल्या सगळ्या मिळून फ्रेमला तिरपी ओढतात. चांगली फ्रेम उभ्या उभ्या मुरगळून निकामी होते. म्हणून तार तुटली की उरलेल्या लगेच कापायच्या, आजचा एक सामना निघेल म्हणून थांबायचे नाही. पकड घेऊन तिने मधली तार कापली, मग तिच्या शेजारची, मग आडवी. ताणलेली तार तुटताना चाबकासारखी वाजते. दुकानभर तसे आवाज होत राहिले. शेवटची तार कापून तिने पकड खाली ठेवली आणि मावशीबरोबर पोलीस चौकीत गेली.

तक्रारीची बातमी लागताच कप्तान भर दुपारी आला. हॉल भरलेला होता. आधी तो हळू आवाजात घरी चल म्हणाला. ती नाही म्हणाली. मग त्याने मावशीला असे ढकलले की तिचे कपाळ फळीच्या कोपऱ्यावर फुटले. नाकतोडी मावशीकडे वळली तेवढ्यात त्याने मला दोन्ही हातांनी उचलले आणि खिडकीवर फेकले.

मी काच फोडून कोर्टच्या कडेला पडले. माझा दांडा बैठकीखाली सापडून वाकला. वजन निसटून मॅटवरून घरंगळत गेले आणि खेळणाऱ्या चौघांच्या पायांशी थांबले. त्या चौघांच्या हातात रॅकेटा होत्या. काचेच्या भोकातून त्यांना सगळे दिसत होते. कप्तानने नाकतोडीचे केस धरले होते, मावशीच्या चेहऱ्यावरून रक्त गळत होते. चौघांपैकी एकही हलला नाही. एकाने तर वजन उचलून बाजूला ठेवले, खेळात अडथळा नको म्हणून. कप्तानने फळ्या पाडल्या, भेंडोळी तुडवली, आणि दमल्यावर आपला आपण निघून गेला.

हॉलच्या समितीने बैठक घेतली आणि ठरवले, की हे घरचे भांडण आहे, पोलीस बघतील. खटल्याचा निकाल लागेपर्यंत कप्तान मुलींना शिकवत राहील, कारण त्याच्याइतका चांगला शिकवणारा दुसरा नाही.

माझा दांडा लोहाराने सरळ केला, पण जिथे वाकला होता तिथे वजन अडखळू लागले. माझे माप गेले. मावशीने विजेवर चालणारे नवे यंत्र आणले. ते बटण दाबले की शिटी वाजवते. मी काही दिवस टेबलाखाली धूळ खात पडले. मग मावशीने मला दाराशी आणून ठेवले. तिने ठरवले होते की दुकानाचे दार यापुढे दिवसभर सताड उघडे राहणार, आत काय चालले आहे ते सगळ्यांना दिसले पाहिजे. वाऱ्याने दार लागू नये म्हणून तिथे जड काहीतरी हवे होते. तेव्हापासून मी दार अडवते. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बुटांच्या ठोकरा खाते. पण कोर्ट दिसते.

प्लास्टर निघाले. हात काठीसारखा झाला होता. नाकतोडीने एकेरीत नाव दिले आणि सरावाला उतरली. पहिल्याच दिवशी समोरच्या बाईने स्मॅशसाठी रॅकेट डोक्यावर नेली, आणि नाकतोडीचा डावा हात आपोआप तोंडासमोर गेला, खांदे आवळले, डोळे मिटले. शटल तिच्या शेजारी पडले. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मित्रांनो, बॅडमिंटनमध्ये समोरचा माणूस सारखा रॅकेट उगारतो, तो तर खेळच आहे. आणि तिला उगारलेली रॅकेट बघवत नव्हती. पाय तसेच लांब होते, उजव्या हातात जोर होता, पण त्या एका क्षणी ती आंधळी व्हायची. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, की नाकतोडीचे पाय आता तुटलेत.

तिला तेवढ्याच एका गोष्टीची भीती होती, की उजवा हात वाचवला तो फुकट गेला.

मावशीने यावर एक उपाय काढला. हॉल उघडण्याआधी ती स्वतः रॅकेट घेऊन जाळीपलीकडे उभी राहिली. आयुष्यभर रॅकेटा विणल्या, खेळली कधीच नव्हती. शटल घ्यायचे नाही, नुसती रॅकेट वर न्यायची आणि सावकाश खाली आणायची. नाकतोडीने मावशीच्या हाताकडे नाही, रॅकेटच्या जाळीदार तोंडाकडे बघायचे, आणि ते कुठे वळले आहे ते मोठ्याने सांगायचे. उजवीकडे, डावीकडे की सरळ.

"मावशी, तू माशा मारतेयस."

"मारू दे मला. तू दिशा सांग."

पहिल्या दिवशी नाकतोडीच्या तोंडून शब्द फुटला नाही. हात वर जायचा, डोळे मिटायचे. मग एकदा डोळे अर्धवट उघडे राहिले आणि ती पुटपुटली, "डावीकडे." मावशी जागेवरच नाचली. हळूहळू वेग वाढला. मग शटल आले. मावशीचा नेम धड नव्हता, शटल नाकतोडीच्या कपाळावर, गळ्यावर, छातीवर बसायचे, लाल वण उठायचे. पण आता डोळे उघडे असायचे. ज्याला दिशा सांगायची असते त्याला डोळे मिटता येत नाहीत, असे मावशीचे म्हणणे. मावशीचा खांदा मात्र सुजला, आणि तिला नवे यंत्र मिळाले होते ते बरेच झाले.

निवड चाचणी आमच्याच हॉलमध्ये होती. पहिल्या कोर्टवर नाकतोडीसमोर एक लांब वेणीची मुलगी होती. शाळकरी, चपळ, कप्तानची लाडकी शिष्या; मी तिला वेणीच म्हणते. तिच्या मागे प्रशिक्षकाच्या खुर्चीत कप्तान बसला होता, मांडीवर रॅकेट.

पहिल्या गेममध्ये काय घडले ते दारातून मला स्पष्ट दिसले. वेणी स्मॅशसाठी झेपावली की त्याच क्षणी तिच्या मागे कप्तान अर्धवट उठायचा आणि आपली रॅकेट डोक्यावर उगारायचा. पंचांचे लक्ष शटलवर असायचे. नाकतोडीला मात्र दोन रॅकेटा दिसायच्या, एक मुलीची आणि एक त्याची. तिचा डावा हात वर गेला. गुण गेला. पुन्हा गेला. कप्तान खाली बसून हसायचा. नाकतोडीने पहिला गेम असा गमावला की लोक मान फिरवू लागले.

दुसऱ्या गेमला तिचे ओठ हलू लागले. सरळ. उजवीकडे. सरळ. डावीकडे. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, मुलीच्या रॅकेटच्या तोंडाशी बोलत होती. आणि मग कित्येक दिवसांनी मी तो आवाज ऐकला. नाकतोडी हवेत गेली, आणि शटल वेणीच्या बुटाजवळ आपटले. पिसे उडाली. कोणीतरी ओरडले, की ही मारत नाही, फाडते. दुसरा गेम तिचा. तिसऱ्यातही ती पुढे गेली, आणि मधल्या विश्रांतीला दोघी कडेला आल्या.

वेणी पाणी प्यायला वाकली. कप्तान दात आवळून काहीतरी बोलला आणि त्याने रॅकेटची कड तिच्या नडगीवर मारली. हाडावर कार्बन आपटल्याचा टक्क असा आवाज आला. मागच्या बाकांवर दोघेतिघे हसले. मुलगीही हसली.

नाकतोडीने बाटली खाली ठेवली. आपली बाजू सोडून ती सरळ पंचांच्या उंच खुर्चीपाशी गेली आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यांनी तिला मारलं. मी पाहिलंय. सामना थांबवा."

पंच गोंधळले. विश्रांती संपली होती, ती जागेवर परतली नाही तर सामना तिच्या हातून जाणार होता. हे तिला माहीत होते. तेवढ्यात कप्तान उठून तिच्यासमोर आला. त्याची रॅकेट वर गेली, खरोखर वर गेली, जशी स्वयंपाकघरात गेली असेल तशी.

नाकतोडीचे दोन्ही हात खालीच राहिले. तिने त्या रॅकेटकडे नीट पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "सरळ."

त्याला कळेना ती काय म्हणतेय. रॅकेट वरच्या वर थांबली, आणि सगळ्या हॉलने ती तशी थांबलेली पाहिली. मग पंच खुर्चीवरून उतरून दोघांच्या मध्ये उभे राहिले. त्यांच्या मागोमाग मुख्य पंच आले. आणि ज्या चौघांनी त्या दुपारी माझे वजन बाजूला ठेवले होते त्यांच्यातले दोघे बाकावरून उतरले. त्यांनी कप्तानच्या हातातून रॅकेट काढून घेतली आणि त्याला बाहेर नेले. उशिराच उतरले ते, पण उतरले.

सामना पुन्हा सुरू झाला. नाकतोडीने वेणीला एकही गुण फुकट दिला नाही. ती कीव करत नव्हती. तिने तिला पूर्ण ताकदीने, शेवटच्या गुणापर्यंत, स्मॅशमागून स्मॅश घालून हरवले. जाळीवर हात मिळवताना वेणी धापा टाकत होती. तिच्या चेहऱ्यावर हरल्याचे दुःख होते, आणि आता कोणीही मागून येणार नाही याची सुटकाही होती.

संध्याकाळी वेणी दुकानात आली, तार तुटल्याचे निमित्त करून. माझ्यावर अडखळली, सावरली, आणि स्टुलावर बसली. नाकतोडीने विचारले, पायाला काय झाले. वेणी म्हणाली, काही नाही, आत्ता या घोडीला अडखळले. नाकतोडी तिच्यासमोर जमिनीवर बसली, तिचा मोजा हलकेच खाली सरकवला, आणि तिथे एकाखाली एक जुने हिरवे-पिवळे वण दिसले. तिने पुन्हा विचारले. या वेळी मुलीचे उत्तर वेगळे होते. मावशीने चौकीकडे निघायला चपला पायात सरकवल्या.

मित्रांनो, मी आता तारा ओढत नाही. तेल दिलेत तर बरे वाटेल, नाही दिलेत तरी दार अडवायला गंज आड येत नाही. पण तुमच्या ओळखीत कोणाची वस्तू पुन्हा पुन्हा मोडत असेल, किंवा कोणी उन्हातही बाह्या खाली ओढत असेल, तर हसून पुढे जाऊ नका. कसे मोडले ते जवळ बसून विचारा. आणि पहिल्या उत्तरावर थांबू नका.